वाचक विचारतात : कोर्टातला मास्क आणि मोकळे हात

अमेरिकेतल्या कोर्टांमध्ये शब्दशः नोंद करणारे काही रिपोर्टर स्टेनो मशीनऐवजी आवाज वापरतात. माइक बसवलेला बंद मास्क तोंडाला लावायचा, ऐकलेला प्रत्येक शब्द दबक्या आवाजात पुन्हा म्हणायचा, स्वल्पविराम आणि बोलणाऱ्याची ओळखही तोंडानेच सांगायची. सॉफ्टवेअर त्याचा मजकूर करतं. या वेळचे प्रश्न या कामाच्या साधनांबद्दल आहेत.

प्रश्न : टेक्ससमध्ये व्हॉइस रायटिंग, म्हणजे हेच मास्कमध्ये बोलून नोंद करण्याचं काम, शिकते आहे. दिवसभर डाव्या हाताने मास्क दाबून धरल्यामुळे मनगट आणि खांदा दुखतो. डोक्याला पट्ट्यांनी बांधायचा मास्क घ्यावा, की टेबलावरचा स्टँड?

उत्तर : डिपॉझिशनची (खटल्याआधी कोर्टाबाहेर वकिलांनी घेतलेल्या साक्षीची) कामं जास्त करणार असाल तर स्टँड. कारण आरामाचं नाही, वेगाचं आहे. डिपॉझिशनमध्ये साक्षीदाराला शपथ बहुधा रिपोर्टरच देतो. दोघे एकदम बोलू लागले की त्यांना थांबवायचं, न ऐकू आलेलं नाव पुन्हा विचारायचं, हेही त्यालाच करावं लागतं. म्हणजे दर थोड्या वेळाने तोंड उघडं करून मोठ्याने बोलणं आलंच. पट्ट्यांचा मास्क काढून पुन्हा नीट बसवेपर्यंत वकिलाचा पुढचा प्रश्न निम्मा झालेला असतो. स्टँडवर मान मागे घेतली की झालं. जाहिरातीत मास्क किती घट्ट बसतो ते दाखवतात. तुम्ही तो किती लवकर सुटतो आणि परत बसतो ते बघा.

स्टँड निवडताना नेहमी फसगत होते ती अशी. लवचीक नळीचा, बगळ्याच्या मानेसारखा स्टँड स्वस्त मिळतो, पण चेहरा टेकवला की तो मागे झुकतो, फट पडते आणि आवाज बाहेर जातो. रेडिओवाल्यांचा स्प्रिंगचा आर्म जड माइकसाठी केलेला असतो. हलका मास्क लावला की तो आपोआप वर उचलला जातो. स्क्रूने आवळायचे दोन-तीन सांधे असलेला कडक आर्म घ्या आणि शेवटचा दांडा मास्कच्या बरोबर मागून येईल असा लावा. बाजूने आला तर चेहऱ्याच्या दाबाने मास्क फिरतो. आर्म टेबलाला आवळणारा शिकंजा आणि टेबल यांच्यामध्ये रबराचा जाड तुकडा ठेवा, नाहीतर टेबलावर फाइल आपटली तरी माइकमध्ये धप्प ऐकू येतं. उंची ठरवताना आधी पाठ टेकून बसा, हनुवटी किंचित खाली घ्या, मग मास्क तोंडापाशी आणा. मास्कसाठी मान पुढे काढावी लागत असेल तर मनगटाचं दुखणं मानेत जाईल, एवढंच.

पट्ट्यांचा मास्क लांबलचक सुनावणीत, विशेषतः उभ्या-उभ्या काम करावं लागतं तिथे, बरा पडतो. एक पट्टी कानांच्या वरून, एक मानेमागून. कान झाकले जाता कामा नयेत. पट्टीखाली एक बोट सरकलं पाहिजे. त्याहून घट्ट केलं तर जबडा पुरता उघडत नाही आणि प, ब, म एकमेकांत मिसळतात. सैल असेल तर हनुवटीपाशी फट राहते. दाढीवाल्यांना हा त्रास हमखास होतो. तपासायची रीत सोपी आहे : कुणाला तरी एक मीटरवर बसवा, नेहमीच्या दबक्या आवाजात पानभर वाचा. त्यांना एखादा शब्द जरी कळला तरी पट्ट्या पुन्हा लावा.

प्रश्न : मास्क बाजूला करून बोलले की माझे ते शब्दही स्क्रीनवर उमटतात, वेडेवाकडे. उपाय?

उत्तर : पायाखाली यूएसबी पेडल ठेवा. त्याला कीबोर्डवरची एखादी की नेमून देता येते. ड्रॅगन या आवाजाचा मजकूर करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये माइक चालू-बंद करायला मूळची की म्हणजे नंबर पॅडवरचं अधिकचं चिन्ह. तीच पेडलला द्या. क्रम पक्का करा : आधी पाय, मग तोंड. परत येताना आधी तोंड, मग पाय.

धोका मात्र मोठा आहे. ही की एकदा दाबली की बंद, पुन्हा दाबली की चालू. चुकून दोनदा दाबली गेली तर तुम्ही बोलत राहता आणि मजकूर कोराच. म्हणून माइकचं चिन्ह कायम दिसेल अशा जागी ठेवा : हिरवं म्हणजे चालू, लाल म्हणजे बंद. खोलीतला आवाज टिपणारं बॅकअप रेकॉर्डिंग त्या पेडलवर कधीही जोडू नका, ते वेगळं आणि अखंड चालू द्या. पेडल सतरंजीवर सरकतं. खाली न घसरणारी चटई चिकटवा आणि ज्या पायावर भार टाकून बसता त्याच्या दुसऱ्या बाजूला ठेवा.

नंतर रेकॉर्डिंग ऐकत टंकलेखन तपासताना लागणारं तीन पट्ट्यांचं पेडल (मागे, चालू, पुढे) वेगळं ठेवलेलं बरं. एकाच पेडलला दोन कामं दिली की गोंधळ होतोच.

प्रश्न : हातातला मास्क सोडून स्टँडवरचा घेतल्यापासून चुका वाढल्या आहेत. मास्क खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. ओठ आणि माइक यांच्यातलं अंतर बदललं आहे. सॉफ्टवेअरमध्ये नव्या मास्कसाठी वेगळा माइक स्रोत जोडा, जुन्यावरच चालवू नका, आणि ध्वनिपातळीची तपासणी पुन्हा करा. रेकॉर्डिंगमधले सर्वांत मोठे आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहावेत.

सकाळी ठीक आणि दुपारनंतर स, फ, श गळत असतील तर दोष ओलाव्याचा. श्वासाची वाफ मास्कच्या आतल्या स्पंजमध्ये साठते आणि तीक्ष्ण आवाज आधी दबतात. स्पंजाचे दोन संच ठेवा, जेवणाच्या सुट्टीत बदला, ओला संच उघड्यावर वाळवा. बंद डबीत ठेवलात तर वास येतो. कडेचं सिलिकॉन अल्कोहोल नसलेल्या फडक्याने पुसा. वायरलाही थोडी ढील द्या आणि कॉलरला क्लिप लावा. मान वळवताना जॅक ओढला गेला की जी खरखर येते, ती अनेकजण मास्कच्याच माथी मारतात.

अमेरिकेतल्या राष्ट्रीय व्हर्बेटिम रिपोर्टर्स संघटनेच्या सीव्हीआर या प्रमाणपत्र परीक्षेत प्रश्नोत्तरांचा वेग मिनिटाला २५० शब्द आणि अचूकता ९५ टक्के लागते. नवं साधन परीक्षेच्या आठवड्यात वापरायला काढू नका.

प्रश्न : मी जिल्हा न्यायालयात स्टेनो आहे. आपल्याकडे हा मास्क उपयोगी पडेल का?

उत्तर : सध्याच्या पद्धतीत नाही. आपल्याकडे साक्ष सहसा शब्दशः लिहीत नाहीत. सत्र न्यायालयासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३११ सांगतं की साक्ष साधारणपणे कथनरूपात नोंदवावी, आणि न्यायाधीशांना वाटलं तर काही भाग प्रश्नोत्तरांच्या रूपात. न्यायाधीश स्वतः मोठ्याने मजकूर सांगतात, तो सगळ्यांनी ऐकायचाच असतो. मग आवाज लपवायचा कशाला? मराठी व्हॉइस टायपिंग वापरायचं असेल तर न्यायाधीशांसमोर ओठांजवळ येणारा चांगला हेडसेट माइक ठेवा. खर्च तिथेच करा. लॅपटॉपमधला माइक पंखा आणि बाहेरचा पुकारा दोन्ही पकडतो.

सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत फेब्रुवारी २०२३ मध्ये बोलण्याचं संगणकाने थेट शब्दांकन सुरू झालं, पण तिथे थेट वकील आणि न्यायाधीशांच्या माइकमधला आवाज घेतात. मध्ये पुन्हा बोलणारा माणूस नसतो, त्यामुळे मास्कही नाही.