हाडांची आवड असेल तर पदवी दगडांची घे

प्रश्न : मी चंद्रपूर जिल्ह्यात राहते. यंदा बारावी सायन्स झाले, गणित आणि बायॉलॉजी दोन्ही होते. मला सस्तन प्राण्यांच्या जीवाश्मांवर काम करायचं आहे. बी.एस्सी.ला झूलॉजी घ्यावं की जिऑलॉजी? शिवालिक टेकड्यांमध्ये इतक्या प्राण्यांचे जीवाश्म सापडतात आणि आपल्याकडे जवळजवळ नाहीत, मग तेव्हा इकडे प्राणीच नव्हते का? बाबा कोळसा खाणीत आहेत. ते म्हणतात, हाडं शोधून पोट भरत नाही.

उत्तर : शिवालिकबद्दलचा प्रश्न तू जाता जाता विचारलास, पण कोणता विषय घ्यावा याचं उत्तर त्यातच दडलेलं आहे. जिऑलॉजी घे. का, ते जरा सविस्तर सांगते.

मेलेल्या प्राण्याचं हाड टिकायचं तर ते लवकर गाळाखाली जायला हवं, आणि गाळ थरावर थर साचत राहायला जमीन खचत राहायला हवी. हिमालय उंचावत गेला तसा त्याच्या भाराने पायथ्याचा पट्टा खाली वाकला. त्या खोलगट भागात नद्यांनी वाळू आणि चिखल आणून ओतला. शिवालिकचे हे थर साधारण १ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीपासून साचू लागले आणि काही किलोमीटर जाड झाले. पुढे तेच थर दाबाने वर उचलले गेले, त्यांच्या टेकड्या झाल्या, ओढ्यांनी त्या चिरल्या आणि हाडं उघडी पडली. गाडणं आणि उघडं करणं, दोन्ही कामं एकाच पर्वताने केली. म्हणून १८३०च्या दशकात फाल्कनर आणि कॉटली या ब्रिटिश संशोधकांना तिथे जिराफाच्या कुळातलं अवाढव्य शिवाथेरियम मिळालं.

महाराष्ट्रात याच्या उलट घडलं. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले आणि त्यानंतर पठार झिजतच राहिलं. माती साचायच्या ऐवजी वाहून गेली. त्यामुळे मधल्या प्रचंड काळाचे थर आपल्याकडे जवळपास नाहीतच. प्राणी होते, पण त्यांची नोंद ठेवणारा खडकच तयार झाला नाही. अगदी अलीकडच्या काळात गोदावरी आणि मांजरा या नद्यांनी काठाला गाळ टाकला, तर त्यात लगेच हत्ती आणि पाणघोड्यांचे अवशेष मिळतात.

तरी तू समजतेस तितका आपला भाग रिकामा नाही. लाव्हाच्या दोन उद्रेकांमध्ये शांत काळ असत, तळी साचत, त्यात जीवसृष्टी नांदे. हे आंतरट्रॅपी, म्हणजे लाव्हाच्या थरांमधले गाळाचे, थर नागपूरजवळ टाकळीला स्टीफन हिस्लॉप या मिशनरींनी १८५०च्या दशकात धुंडाळले होते. पुढे तेलंगणातल्या नस्कल गावाजवळ अशाच थरात एका चिमुकल्या सस्तन प्राण्याचे दात मिळाले. जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. भारतातला क्रेटेशियस काळातला, म्हणजे डायनोसॉरच्या शेवटच्या कालखंडातला, तो पहिला ज्ञात सस्तन प्राणी, आणि त्याचं नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लॉपी. हे दात इतके बारीक असतात की पोतीच्या पोती माती पाण्यात भिजवून, बारीक चाळणीतून धुऊन, उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली कण कण निवडावा लागतो. हे काम आवडेल का, याचा मनाशी नीट विचार कर, कारण या क्षेत्रातले बरेचसे दिवस असेच जातात.

तुला आणखी जवळचं उदाहरण हवं तर प्राणहिता-गोदावरीचं खोरं घे. तिथे जमीन भेगाळून खचली आणि गाळ साचला. सिरोंचाजवळच्या कोटा गावावरून ज्या खडकांना नाव मिळालं, त्या ज्युरासिक थरांमधून कोटाथेरियम हा आदिम सस्तन प्राणी १९८१ मध्ये नोंदवला गेला. जमीन खचली तिथे नोंद उरली, हे इथेही खरं ठरतं.

आता मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा. आज जगभर पाहिलं तर डोंगराळ मुलखात सस्तन प्राण्यांच्या जाती सपाट मुलखापेक्षा जास्त असतात. उंची बदलली की हवा बदलते, झाडोरा बदलतो, दऱ्यांमुळे एकाच जातीचे गट वेगळे पडतात. पण डोंगर झिजतात, तिथल्या हाडांसकट. म्हणजे जिथे विविधता बहरते, तिथलाच पुरावा सर्वांत आधी नष्ट होतो. शिवालिकमध्येही एखाद्या थरात जाती कमी दिसल्या, तर त्या खरंच संपल्या होत्या की त्या काळचा खडकच उघड्यावर कमी आहे, हे आधी ठरवावं लागतं. सुमारे ८० ते ६० लाख वर्षांपूर्वी तिथे जंगल मागे हटून उष्ण प्रदेशातलं गवत पसरलं. दातांच्या एनॅमलमधल्या कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे त्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, हे कळतं. पाला खाणारे बरेच प्राणी त्या बदलात गेले. ओरांगउटानचा नातलग मानला जाणारा शिवापिथेकस त्याच्या थोडा आधी दिसेनासा होतो. हा बदल खरा आहे, असं संशोधक ठामपणे म्हणू शकतात, कारण त्यांनी थरांचं वय, जाडी आणि नद्यांची चाल आधी बारकाईने मोजली. दात कोणाचा हे प्राणिशास्त्र सांगेल. दात का मिळाला नाही, हे मात्र खडकालाच विचारावं लागतं.

बाबांची काळजी रास्त आहे, आणि ती मी हलक्यात घेणार नाही. पृष्ठवंशीय जीवाश्मांवर पूर्णवेळ काम करणाऱ्या जागा देशात मोजक्या आहेत. पण जिऑलॉजीची एम.एस्सी. हातात असेल तर यूपीएससीची कंबाइन्ड जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण किंवा केंद्रीय भूजल मंडळात जाता येतं. झूलॉजीच्या पदवीवर हा रस्ता बंद आहे. वेस्टर्न कोलफिल्ड्स, मँगनीज काढणारी मॉइल, इंडियन ब्यूरो ऑफ माइन्स या सगळ्यांची मुख्यालयं तुमच्या शेजारी नागपुरात आहेत. बाबांना हेही सांग की वर्धा खोऱ्यातला कोळसा टिकला तो जमीन खचून वर गाळ साचत गेला म्हणूनच. आणि गुजरातमध्ये सुरत जिल्ह्यातल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीत सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीचं कॅम्बेथेरियम मिळालं, घोडे आणि गेंड्यांच्या पूर्वजांच्या अगदी जवळचं. खाण खणली म्हणून ते हाताला लागलं.

बी.एस्सी. नागपूर, अमरावती किंवा पुण्यात कर. शक्य असेल तिथे झूलॉजी दुसरा विषय ठेव. मग एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम परीक्षा, आणि एम.एस्सी.नंतर संशोधनासाठी नेट किंवा गेट. संशोधनासाठी डेहराडूनची वाडिया संस्था, लखनौची बिरबल साहनी संस्था, आयआयटी रुरकी आणि पुण्याची आघारकर संस्था यांची संकेतस्थळं आतापासून बघत जा. शरीररचना शिकायला सुरुवात घरूनच होते : बकरी, म्हैस यांच्या जबड्यातले दात ओळखायला शीक, चित्रं काढ. रानातल्या प्राण्यांची हाडं मात्र उचलून आणू नकोस, वन्यजीव कायदा आडवा येतो. जीवाश्म दिसला तर तो काढायच्या भानगडीत न पडता फोटो आणि जागेची नोंद घे, कारण थरातून सुटलेल्या हाडाचं निम्मं मोल जातं.

गणित सोडू नकोस. काही संस्था एम.एस्सी.च्या प्रवेशाला पदवीपर्यंतचं गणित किंवा भौतिकशास्त्र मागतात, तेव्हा महाविद्यालयाचा अर्ज भरण्याआधी त्यांच्या माहितीपुस्तिका वाच आणि विषयांची जोडी त्यानुसार ठरव.