कासच्या पठारावर पहिल्यांदा कॅमेरा नेताना

कासला जायचे असेल तर सप्टेंबरमधला आठवड्याच्या मधला दिवस निवडा आणि आदल्या रात्री साताऱ्यात मुक्काम करा, म्हणजे सुमारे २५ किलोमीटरचा घाटरस्ता चढून प्रवेश सुरू होताच पठारावर पोहोचता येईल. ढगाळ हवा पाहून हिरमुसू नका. फुलांच्या रंगासाठी तो मऊ, सावली न पाडणारा प्रकाश उन्हापेक्षा कितीतरी चांगला असतो. गाडीतला एसी मात्र शेवटची १५ मिनिटे बंद ठेवा, नाहीतर बाहेरच्या दमट हवेत लेन्सवर लगेच वाफ धरते.

नवशिके बहुधा तेरड्याचा गुलाबी गालिचा टिपून परततात. माझे मत विचाराल तर पायवाटेच्या कडेलाच गुडघे टेकून बसा. ओल्या कातळावरची सीतेची आसवे ही फुले नखाएवढी, निळी-जांभळी असतात आणि वाऱ्याने सतत हलतात, म्हणून शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवून झुळूक थांबेपर्यंत वाट पाहा. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या केसांवरचे चिकट थेंब प्रकाश मागून येत असेल तरच चमकतात. गेंदाची पांढरी फुले काळ्या कातळावर भगभगीत उमटतात, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात येणारा प्रकाश, थोडे उतरवा.

फोटोसाठी वाट सोडून फुलांत पाऊल टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे; तिथली माती बोटभर जाडीची असते आणि टोपली कारवीसारख्या झुडपाला फुलायला सात वर्षे लागतात.