पॅलेटच्या लाकडाचा टीपॉय आणि बाटलीचा दिवा घरी करता येईल का?

येईल की! पॅलेट म्हणजे माल रचायला खाली ठेवतात ती लाकडी चौकट. पण तिचं लाकूड उचलण्याआधी त्यावरचा शिक्का बघा. परदेशी मालाबरोबर आलेल्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि जवळच दोन इंग्रजी अक्षरं असतात. ‘एचटी’ असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंशांवर 30 मिनिटं तापवलेलं असतं, खुशाल घ्या. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं. ते घरात नकोच. तेलाचे, रसायनांचे डाग पडलेलंही भंगारवाल्याकडेच राहू द्या.

खरी मेहनत फळ्या सोडवण्यात आहे. पॅलेटचे खिळे बहुधा पिळाचे असतात, पहारीनं उचकटायला गेलं की फळीच चिरते. त्यापेक्षा फटीत लोखंड कापायचं पातं घालून खिळे कापून टाका. रंधा मारणार असाल तर आधी लोहचुंबक फिरवा. एखादा तुकडा आत राहिला तर पात्याची वाट लागते. (सुतार अशा लाकडाला हात लावायला कुरकुरतात ते यामुळेच.) मग 80 नंबरचा पॉलिश पेपर, शेवटी 220.

दिवा त्यामानाने सोपा. बाटलीला वायरसाठीचं भोक डायमंड बिटनं (काच कापणारं ड्रिलचं टोक), पाणी सोडत, सावकाश पाडा. भोकाला ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी रबरी कडी, बसवाच, नाहीतर काचेची कड वायर सोलते. बल्ब 3 ते 5 वॅटचा एलईडी पुरे.