सही करण्याआधी एकदा बघ

बाळा,

काल फोनवर म्हणालीस ना, "टॅक्सचं सगळं तोच बघतोय, मी फक्त सही करणारे", तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून लिहायला बसले.

तुमचं लग्न डिसेंबर २०२४ मधलं, पण अमेरिकेत ३१ डिसेंबरला नवराबायको असलात की अख्खं वर्ष तसंच धरतात. जॉइंट रिटर्न, म्हणजे दोघांचं मिळून एकच रिटर्न भरा, इथे एकाच्या पगारावर घर असताना बहुधा फायदाच होतो, २०२४ चं स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे कमाईतून सरसकट वजा होणारी रक्कम, दोघांचं मिळून २९,२०० डॉलर आहे, वेगळं भरलं तर त्याला १४,६००च. पण तू तेव्हा पुण्यातच होतीस, त्यामुळे तुलाही इथली रहिवासी धरा असं दोघांच्या सहीचं पत्र जोडावं लागतं, शिवाय आयटीआयएन, म्हणजे इथल्या टॅक्ससाठी लागणारा नंबर, त्यासाठी डब्ल्यू-७ फॉर्म. आणि एकदा हे केलं की तुझीही जगभरची कमाई त्यात येते गं, तुझा पुण्यातला पगार, एफडी, सगळं. (तिकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळतं, घाबरू नकोस.) पीपीएफचं व्याज तिकडे करमुक्त, इथे नाही. आणि नुसता फॉर्म १६ देऊन भागणार नाही, तो एप्रिल ते मार्चचा आणि इथलं वर्ष जानेवारी ते डिसेंबर, तर पगाराच्या स्लिपा काढून ठेव.

आमच्या पहिल्या रिटर्नला मी पोळ्या लाटत होते, पिठाचे हात पुसले आणि ह्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली. आईने माझ्या नावावर ठेवलेली एफडी त्यात नव्हती, ह्यांना ती माहीतच नव्हती आणि मला कुणी विचारलं नाही, मीही विचारलं नाही. तीन वर्षांनी लक्षात आलं, मग सुधारित रिटर्नं, व्याज, दंड आणि घरात महिनाभर अबोला. भारतात प्रत्येकाचं पॅन वेगळं, रिटर्न वेगळं, म्हणून आपल्याला हे कळतच नाही, पण इथे जॉइंट रिटर्नवर सही केली की पूर्ण टॅक्सची जबाबदारी दोघांवर असते, अर्धी अर्धी नाही, उद्या त्यात काही चुकीचं निघालं तर आयआरएस, म्हणजे इथलं टॅक्स खातं, सगळी रक्कम तुझ्याकडूनही मागू शकतं, अगदी घटस्फोट झाला तरी. तुझा नवरा गुणाचा आहे, माझा त्याच्यावर काही आक्षेप नाही, पण त्याला तुझी खाती माहीतच नसतील तर तो बिचारा लिहिणार काय?

रिटर्न भरायची शेवटची तारीख १५ एप्रिल, तिला अजून वेळ आहे. ह्या रविवारी चहा घेऊन दोघं शेजारी बसा, लॅपटॉप तुझ्याकडेही वळवायला सांग, एकेक आकडा कुठून आला ते विचार. आणि पीपीएफचं पासबुक आईकडे असेल तर आजच फोटो मागव.

तुझी मावशी