देवाचं ऐकायचं ते नक्की कशासाठी? तुमचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी बरेचसे प्रश्न आज्ञापालनावरच आलेत, त्यातले पाच घेतोय.

प्रश्न: लहानपणी संडे स्कूलमध्ये ऐकलं की देव सगळं बघतोय, चुकलात की शिक्षा. आता तिशी आली तरी तीच धास्ती आहे. प्रेमाने आज्ञा पाळणं जमणार कसं?

ही भीती देवाने नाही घातलेली, मोठ्यांनी घातलेली असते, पोरं गप्प बसावीत म्हणून, आणि बदनाम मात्र देव होतो. चौकात पोलीस दिसला की हेल्मेट डोक्यावर, सिग्नल ओलांडला की परत आरशाला लटकलेलं, हेही पालनच झालं. पण लेक म्हणाली "पप्पा घालत जा ना" म्हणून गल्लीतून दूध आणायला जाताना पण घालणारे असतात, तिथे पावतीचा संबंधच नसतो. बायबलमधलं निर्गम 20 काढून बघा, दहा आज्ञा सुरू व्हायच्या आधी देव सांगतो की मी तुला मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, गुलामगिरीतून बाहेर काढलं. म्हणजे सुटका आधी झालीय, नियम नंतर आलेत, "पाळा मग सोडवतो" असं नाहीये ते. आणि योहान 14 मध्ये प्रीती असेल तर आज्ञा पाळाल असं येशू म्हणतो ते शेवटच्या रात्री, त्याच जेवणात शिष्यांचे पाय धुवून झाल्यावर. धमकी द्यायची असती तर आधी टॉवेल कशाला गुंडाळला असता?

प्रश्न: मी दशांश (कमाईचा दहावा भाग देवाला देणं) कधी चुकवला नाही, उपासना कधी बुडवली नाही, तरी नवऱ्याची नोकरी गेली. कुठे कमी पडलो?

ताई, कुठेही नाही. हप्ते भरले की क्लेम पास, हे जे आजकाल काही व्यासपीठांवरून सांगितलं जातं ना त्याचा मला खरंच राग येतो, कारण मग घरात दुखणं आलं की माणूस स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. दानीएल 3 मधले शद्रख, मेशख, अबेदनगो आठवा. भट्टी समोर पेटलीय आणि ते राजाला सांगतात, आमचा देव सोडवू शकतो, पण नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीला नमणार नाही. हे "नाही सोडवलं तरी" म्हणजेच भरवसा. आणि हो, घरात पगार नसताना दशांशाचा आकडा धरून रडत बसू नका, आधी पोरांची फी भरा.

प्रश्न: आमचे पाळक म्हणतात, प्रभूने मला दाखवलंय, या स्थळाला होकार दे. मन तयार नाही. नकार दिला तर तो देवाचा आज्ञाभंग होईल का?

नाही. हे जरा सविस्तर सांगतो कारण असे प्रश्न वाढलेत. पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर लगेच चर्चच्या मोठ्या लोकांशी खटके उडायला लागले. तरुण पुरुषांना शिकवू नका हे बिशपांचं म्हणणं, शिवाय काही सिद्धांत आम्ही सांगतो म्हणून माना हा आग्रह. सिस्टर जेराल्डिन या त्यांच्या धर्ममाता, त्यांना बाईंनी पत्रातून स्पष्ट कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलंय, आता तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही. म्हणजे बाई देवाला मानत नव्हत्या का? याच बाई पुढे दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी मुली शोधत फिरल्या, त्यांना घेऊन आल्या, केडगावचं मुक्ती मिशन त्यातून उभं राहिलं, आणि आयुष्याची शेवटची कित्येक वर्षं हिब्रू-ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करण्यात गेली. पाळकाला नाही म्हणणं आणि देवाला हो म्हणणं एकाच माणसात सुखाने राहू शकतं. योहानाच्या पहिल्या पत्रात तर सरळ सांगितलंय की प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, पारखून घ्या. तेव्हा पाळकांना मान द्या, पण "मला वेळ हवाय" म्हणा. वेळ मागितल्यावर चिडणारा सल्ला देवाकडून आलाय यावर माझा तरी विश्वास बसणार नाही. लग्न तुझं आहे, होकारही तुझाच हवा, घरच्यांशी एकदा मोकळं बोल.

प्रश्न: हॉस्पिटलमध्ये ड्युटी आहे, महिन्यातले दोन रविवार जातात. पाप आहे का?

नाही. पेशंटला रविवार नसतो, आणि येशूने शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बरे केलेल्या लोकांची यादी बघा. उपासनेसाठी आठवड्यातला दुसरा एखादा दिवस धरा.

प्रश्न: प्रार्थनेत मन लागत नाही, भावाला माफ करायचं म्हणतो पण आतून काहीच येत नाही. अशा कोरड्या मनाने आज्ञा पाळणं ढोंगच ना?

बायबलमधला अरामी सेनापती नामान अंगावरचं कोड घेऊन संदेष्टा अलीशाच्या दारात आला, तर अलीशा भेटायला बाहेर पण आला नाही, नुसता निरोप, यार्देन नदीत सात वेळा बुडी मार. नामान भडकला, आमच्या दिमिष्काच्या नद्या काय वाईट आहेत म्हणत चालू पडला. चाकरांनी समजावलं तेव्हा गेला, काही भक्तिभाव दाटून वगैरे आला नव्हता, आणि तरी कोड गेला. ढोंग म्हणजे लोकांना दाखवायला करणं, तुमचं तर कोणाला माहीतही नाही. भावाला फोन करा, "आईच्या गोळ्या संपल्यात का" एवढंच विचारा, जुना विषय काढूच नका. तो तुटक बोलला तरी चालेल, पुढच्या आठवड्यात परत करा.