सोमवारी शिष्य म्हणून कसं जगायचं?

तुम्ही विचारलंय, "बाप्तिस्म्याला सहा महिने झाले. रविवारी मंडळीत मन भरून येतं, पण सोमवारी मोंढ्यात दुकानावर बसलो की मी पहिल्यासारखाच. आठवडाभर येशूचा शिष्य म्हणून जगायचं म्हणजे नेमकं करायचं काय?"

दादा, हाच प्रश्न लोकांनी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारला होता. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा तिसरा अध्याय काढून बघा. दोन अंगरखे असतील त्यानं एक द्यावा, म्हणाला. जकातदारांना सांगितलं, ठरल्यापेक्षा जास्त घेऊ नका. शिपायांना सांगितलं, दमदाटी करून पैसे काढू नका, पगारात समाधान माना. ज्याचा जो धंदा, त्यातलंच उत्तर. म्हणून मीही माझ्या कापसाचंच सांगतो.

जालन्याकडं आमचं 4 एकर वावर आहे. दिवाळीच्या सुमाराला वेचणीला बाया येतात, मजुरी किलोवर. संध्याकाळी लिंबाच्या फांदीला काटा अडकवायचा आणि एकेकीचं गाठोडं लावायचं. सकाळच्या दवानं कापूस जड भरतो, म्हणून गाठोड्यामागं किलोभर तूट धरायची. दुपारच्या कोरड्या कापसावरही मी ती वर्षानुवर्षं धरत आलो. एका संध्याकाळी काट्यावर 31 दिसले, मी वहीत 30 लिहिले. मावशीला अंक वाचता येत नाहीत, पण शाळेतून परस्पर वावरात आलेली तिची नात शेजारी उभी होती. "आज्जी, एकतीस हायेत," ती म्हणाली. मावशीनं तिचा हात दाबला आणि तिला गप्प केलं. त्या हाताची बोटं बोंडांच्या टोकांनी नखांपाशी फाटली होती, चिरांत हळद भरलेली होती.

त्या रविवारी मंडळीत प्रभुभोजन होतं, येशूच्या आठवणीत भाकर वाटून घ्यायची होती. मला भाकर हातात घेववेना. वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवून आधी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन मला लहानपणापासून पाठ. पण भाऊ म्हणजे बांधावरून भांडणारा चुलतभाऊ, एवढंच मी धरून चाललो होतो.

सोमवारी वही घेऊन मावशीच्या घरी गेलो. लुबाडलेलं चौपट परत करीन म्हणणाऱ्या बायबलमधल्या जकातदार जक्कयासारखं चौपट द्यायची ऐपत नव्हती. त्या हंगामाची तूट तेवढी सगळ्या बायांना परत केली. पैसे देणं सोपं गेलं. "मावशी, चुकलं माझं" हे तिच्या दारात उभं राहून म्हणणं जड गेलं. तेव्हापासून काट्याचं तोंड बाईकडं असतं. मजुराची मजुरी दिवस मावळायच्या आत द्यावी असं बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात आहे, तेही पाळतो. व्यापारी कापसाचे पैसे उशिरा देतो, म्हणून सोयाबीनच्या पैशातले थोडे वेचणीसाठी बाजूला काढून ठेवतो. शेजारच्या वावरवाल्यांना हे खपलं नाही. "तुझ्यामुळं बाया आम्हाला बोलायला लागल्या," असं तोंडावर ऐकलं. वाईट वाटलं, पण तूट परत धरली नाही.

आपल्या भागात ही वाट जुनी आहे. 1843 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ नव्या विश्वासणाऱ्यांसाठी बेथेल हे गावच वसवलं. माणसाची उपासना आणि त्याची भाकरी त्यांनी वेगळी धरली नाही.

तुमच्याकडं काटा आहे, हमाली आहे, उधारीची वही आहे. प्रार्थनेला डोळे मिटल्यावर यातली जी गोष्ट पुढं येते आणि तुम्ही बाजूला सारता, तिच्यापासून सुरुवात करा. एकदम सगळं हातात घेऊ नका.

दुकान तुमचं की तुम्ही तिथं मुनीम, हे तुम्ही लिहिलं नाहीत. मुनीम असाल आणि वजनात मारायला मालकच सांगत असेल, तर गोष्ट अवघड आहे, पोटाचा प्रश्न आहे. तसं असेल तर एकट्यानं ओढू नका. पाळकसाहेबांशी बोला, घरात बायकोशी बोला, आणि इथंही लिहा.