नोरा ‘येते’ म्हणाली असती का?

स्टाव्हांगर, नॉर्वे, रविवार

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज मंगळवारी रात्री आला. ‘नोरा मराठी असती तर दार ओढून घ्यायच्या आधी येते म्हणाली असती का? आणि आजी मला जाते का म्हणू देत नाही?’ खाली हसरा चेहरा. नोरा म्हणजे इब्सेनच्या नाटकातली, शेवटी नवऱ्या-मुलांना सोडून निघते ती. उत्तर काही फोनच्या पडद्यावर मावेना, म्हणून हे पत्र.

आधी आजीचं. ऑगस्टमध्ये तू ट्रोंडहाइमला निघालीस, तेव्हा विमानतळावरून तिला व्हिडिओ कॉल केलास. ‘जाते गं आजी’ म्हणालीस मात्र, लगेच सांगलीहून आवाज आला, ‘जाते नाही, येते म्हण!’ मराठीत माणूस ‘गेला’ म्हणजे बऱ्याचदा वारला. म्हणून निघणाऱ्याने तो शब्द तोंडून काढायचा नाही. तसंच संध्याकाळी दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. देवापुढचा नारळ वाढवतात. बांगडी फुटली तरी ‘वाढवली’ म्हणायचं. जिथे काही संपतं किंवा तुटतं, तिथे आपण वाढीचा शब्द ठेवून देतो. बाबा याला खुळचटपणा म्हणतात. म्हणोत बापडे. मी सकाळी कामावर निघताना रिकाम्या घरालासुद्धा ‘येते’ म्हणते.

पण तुला खरं विचारायचंय ते वेगळं आहे, हे कळलं मला. ‘येते’ म्हणायला लावणं म्हणजे पायात दोरी बांधणं नाही का?

शाळेत ते नाटक, ‘एट डुक्केयेम’ म्हणजे ‘बाहुलीचं घर’, लावलं होतं, तेव्हा तू कंटाळली होतीस. आता खोलीचं भाडं स्वतः भरायला लागल्यावर पुन्हा वाचलंस आणि एकदम नोरा तुझी मैत्रीण झाली! सगळे त्या शेवटच्या दाराबद्दल बोलतात. 1879 मध्ये त्या दाराने एवढी खळबळ केली की जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेनला स्वतःच्याच हाताने दुसरा शेवट लिहून द्यावा लागला, मुलांना बघून नोरा थांबते असा. त्याला तो अजिबात पटला नव्हता. मला मात्र त्या दारापेक्षा दुसरी एक जागा आवडते. कर्ज फेडण्यासाठी नोरा एका हिवाळ्यात रात्र रात्र बसून नकलून देण्याचं काम करते, आणि मैत्रिणीला सांगते की दमायला व्हायचं, पण कमावताना आपण पुरुष असल्यासारखं वाटायचं. ती घराबाहेर पडली ती तिथे. दार नंतर वाजलं.

आता आपल्याकडचं एक सांगते. लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग 1934 चा. त्या घरात न सांगता उठून चालू लागायचा तो नवरा! कवी ना. वा. टिळक लहर लागली की निघून जायचे. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाई मुलाला घेऊन मागे राहिल्या. शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, वाचायला शिकली तीही घरातच. काही वर्षांनी नवऱ्याकडे गेल्या, पण सोवळं तसंच ठेवून. पुढे ते सोवळं स्वतःच विचार करून सोडलं, आणि 1900 मध्ये बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. वडील इतके सोवळे की मीठसुद्धा धुऊन घ्यायचे, अशा घरातली ही मुलगी. आणि हे सगळं सांगते कसं, तर आपल्यालाच हसत हसत. दार आपटल्याचा आवाज कुठे नाही, पण बाई केवढी लांब गेली बघ.

आता दोरीचं. नाहीच असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे किती मुलींनी माहेरच्या उंबऱ्यावर ‘येते’ म्हटलं, आणि येणं राहिलं सासरच्यांच्या मर्जीवर. मी स्वतः हातावरचं दहीसाखर चाटत ‘येते’ म्हणून निघाले ती तीन वर्षांनी परत गेले. आजीने हिशोब मागितला नाही. तो शब्द तिच्यासाठी होता, दारात उभी राहणार होती ना ती.

तेव्हा नोरा ‘येते’ म्हणाली नसतीच. तिने अंगठी परत केली, पत्रसुद्धा लिहू नकोस म्हणून नवऱ्याला बजावलं, आणि किल्ल्या ठेवून गेली. तुझ्या पाठपिशवीच्या पुढच्या कप्प्यात आपल्या घराची किल्ली आहे. ऑगस्टमध्ये मीच बघितली, तू काढून ठेवतेस की काय म्हणून.

नाताळात आलीस की ‘स्मृतिचित्रे’ काढू. तुला देवनागरी हळू वाचता येतं, म्हणून रोज दहा पानं मी मोठ्याने वाचेन, भाकरी तू थापायची. आणि आजीला फोन केलास की शेवटी ‘ठेवते’ म्हण. त्याला तिची हरकत नसते.

तुझी,
आई